पेटी घेऊन सांजांवाला : पेर्नाम्बुकोतला जून

कोकणातून ब्राझीलला जाणारा माणूस बहुधा कार्निव्हल बघायला जातो. मी गेले जूनमध्ये, तिथल्या ऐन पावसात, सांजांवाला, म्हणजे २४ जूनच्या संत जॉनच्या सणाला, आणि बरोबर होती पेटी, म्हणजे हार्मोनियम. एका छोट्या सांगीतिक देवाणघेवाणीत मला ईशान्य ब्राझीलच्या पेर्नाम्बुको राज्यातलं एक घर मिळालं. घरातले आजोबा सान्फोना वाजवतात, म्हणजे आपलं अकॉर्डियन. त्यांचा सतरा वर्षांचा नातू झाबुम्बा नावाचा ढोल वाजवतो. मधली पिढी म्हणजे आजोबांची मुलगी, नातवाची आई. ती शाळेत इतिहास शिकवते आणि माणूस कमी पडला की ट्रँगल हातात घेते.

माझे बाबा दशावतारात पेटीवर असायचे. पेटी, मृदंग आणि झांज एवढ्यावर अख्खी रात्र निघायची. भाता, चामडं आणि धातू. तिथल्या फोहो संगीतातही नेमके हेच तीन : सान्फोना, झाबुम्बा, ट्रँगल. आमची जोडी जुळवणाऱ्यांनी बहुतेक एवढंच बघितलं असावं, आणि बरोबर बघितलं.

जाण्याआधीचं थोडक्यात सांगते. व्हिसा लागतो. यलो फीवरची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची आणि तिचं कार्ड पासपोर्टइतकं जपायचं, कारण ब्राझीलहून भारतात परतताना ते मागतात आणि नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. पेटी नेणार असाल तर भाता पट्ट्यानं आवळून बांधा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि खोका जाड लाकडाचा करून घ्या. वजनाचे पैसे जातात, जाऊ द्यावेत.

२० जून, रेसिफे

विमानतळाच्या दाराबाहेर आले आणि वाटलं, सावंतवाडीच्या एसटी स्टँडवर उतरले की काय. तोच चिकट उकाडा, तीच धो धो सर, तेच दहा मिनिटांत लख्ख ऊन. रेसिफेचा पावसाळा साधारण एप्रिल ते जुलै. सगळे ब्राझीलला उन्हाळ्यात जायला सांगतात. मला तर हा पाऊस घरच्यासारखा वाटला. पेटीला मात्र अजिबात नाही, ते पुढे येईलच.

घ्यायला आजोबांची मुलगी आली होती. तिला मी पहिल्या तासातच ताई करून टाकलं. इंग्रजी तिला जेमतेम, मला पोर्तुगीज फक्त फोनमधलं. पहिली मेजवानी रस्त्यावरच्या एका टपरीत झाली : काजूच्या बोंडांचा रस. हंगाम नव्हता, गोठवलेल्या गराचा होता, तरी घशाला तोच ओळखीचा तुरटपणा. काजूचं झाड मूळ इथलंच, पोर्तुगीजांनी ते आपल्या किनाऱ्यावर आणलं. आपण बी फोडून खातो आणि बोंडं बरीचशी कुजू देतो किंवा गोव्यात फेणीला पाठवतो. इथं बोंड हेच फळ आणि बी हा वरचा फायदा. दोन पेले प्यायले.

बोआ व्हियाजेंच्या किनाऱ्यावर शार्कचा इशारा देणारे फलक जागोजागी आहेत. ते शोभेचे नाहीत; पोहायची हौस असेल तर हॉटेलच्या तलावात भागवा.

दुपारी ताईनं बंदराजवळच्या काइस दो सेर्तांव या संग्रहालयात नेलं. सेर्तांव म्हणजे इथला आतला दुष्काळी मुलूख, आणि संग्रहालयाचा नायक लुईझ गोन्झागा. १९१२ साली पेर्नाम्बुकोतल्या एशू गावात जन्म. वडील आठ बासांचं, म्हणजे खर्जाच्या आठ बटणांचं, छोटं अकॉर्डियन वाजवायचे आणि दुरुस्तही करायचे. हा पोरगा घर सोडून सैन्यात गेला, मग रिओच्या बारमध्ये पोटासाठी वॉल्ट्झ आणि टँगो वाजवू लागला. तिथं ईशान्येकडून शिकायला आलेल्या काही विद्यार्थ्यांनी त्याला टोकलं : आपल्याकडचं काहीतरी वाजव की. त्यानं वाजवलं आणि बार उसळला. पुढे सान्फोना, झाबुम्बा, ट्रँगल ही तिघांची जुळणी त्यानं देशभर नेली, अंगावर गुराख्याचा चामडी पोशाख घालून. ताई हे सांगत होती तेव्हा बाजूला एक बाई डोळे पुसत होत्या. उंबेर्तो तेइशेइराबरोबर केलेलं त्याचं १९४७ चं ‘आझा ब्रांका’ लागलं होतं, दुष्काळात गाव सोडणाऱ्या माणसाचं गाणं. इथं ते शाळकरी पोरांनाही तोंडपाठ असतं.

२१ जून, कारुआरूच्या वाटेवर

रेसिफे ते कारुआरू साधारण १३० किलोमीटर. बसनं जायचं तर शहराबाहेरच्या मोठ्या टर्मिनलवर जावं लागतं, तिथपर्यंत मेट्रो आहे. सांजांवाच्या आठवड्यात तिकीट आधी काढा आणि कारुआरूत राहायची सोय तर कित्येक आठवडे आधी करा. आम्ही गाडीनं गेलो. सेर्रा दास रुसासचा घाट चढला की देखावा पालटतो. ऊस संपतो, हवा हलकी होते, कुंपणाला निवडुंग दिसू लागतात. कारुआरू समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, रात्री चक्क शाल लागते. ब्राझीलला निघताना स्वेटर कोण भरतं? तुम्ही भरा.

घर आल्तो दो मोउरा भागात. ही कुंभारांची, खरं तर मूर्तिकारांची वस्ती. निम्म्या घरांच्या ओसरीवर मातीची माणसं वाळत ठेवलेली : वाजंत्री, नवरा-नवरी, दात काढणारा डॉक्टर.

आजोबा फाटकात उभे होते. माझ्याशी हात मिळवला आणि नजर लगेच खोक्याकडे. चहापाण्याआधी पेटी उघडावी लागली. भाता सोडला, सूर लावला, आणि मधल्या सप्तकातला पंचम मुका. पट्टी दाबली की नुसता वारा. दमटपणानं म्हणा की प्रवासातल्या हादऱ्यानं, एका पट्टीमागच्या दोन सुरांपैकी नराचा, म्हणजे वरचा, अडकला होता आणि खर्जाचा कुजबुजत होता.

मी काही बोलायच्या आत आजोबांनी स्वयंपाकघरातलं टेबल रिकामं केलं, चष्मा चढवला आणि बोटानं खूण केली : उघड. मी वरची फळी काढली, सुरांची पाटी उलटी केली. त्यांनी पितळी जीभ पाहिली आणि हसले. त्यांच्या सान्फोनातल्या जिभा पोलादी, मेण आणि राळ लावून बसवलेल्या, आमच्या पितळेच्या. बाकी गोष्ट एकच : फटीतून वारा जातो आणि जीभ थरथरते. त्यांनी एक पातळ पातं जिभेखालून सरकवलं, कचऱ्याचा कण निघाला, जीभ बोटाच्या नखानं छेडली. सूर आला, पण किंचित उतरलेला. मग त्यांनी जिभेच्या टोकाकडे बारीक कानस दाखवून माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. टोकाकडे घासलं की सूर चढतो, बुडाकडे घासलं की उतरतो, हे आमच्याकडचा पेटी दुरुस्त करणाराही असंच करतो. तीन-चार वेळा घासणं, लावून बघणं, परत घासणं. ताई फोनवर भाषांतर उघडून बाजूला उभी होती, तिला कोणी काही विचारलंच नाही.

त्यानंतर त्यांनी कपाटातून वडिलांचा आठ बासांचा वाजिंत्र काढला. या भागात त्याला बोकडाचा पाय म्हणतात. एकच बटण, भाता ओढताना एक सूर, दाबताना दुसरा. पेटीवाल्याला भाता म्हणजे नुसता वारा. इथं भात्याची दिशा बदलली की सूर बदलतो, म्हणजे श्वास आणि बोटं दोन्हींचा हिशेब एकाच वेळी. मी प्रयत्न केला. नातू खोलीबाहेर जाऊन हसला, एवढं सौजन्य त्यानं दाखवलं.

रात्री कुसकुस : मक्याचं रवाळ पीठ वाफवलेलं, वर लोणी, बाजूला तळलेलं चीज. शिवाय मऊ उकडलेला मकाशेरा, म्हणजे कसावा. आल्तो दो मोउरा बोकडाच्या मटणासाठी प्रसिद्ध आहे, ते दुसऱ्या दिवशी. मसाला कमी, चव जास्त. तिखटाची बाटली वेगळी मागायची, आणि जपून, कारण ती खरोखर तिखट असते.

२२ जून, बाजार आणि तालीम

कारुआरूचा बाजार हा ब्राझीलनं राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदवलेला आहे, आणि हरवण्यासाठी इतकी चांगली जागा मी पाहिलेली नाही. चामडी टोप्या, झाडपाल्याची औषधं, पक्ष्यांचे पिंजरे, सायकलचे सुटे भाग, मातीच्या शिट्ट्या. एका कोपऱ्यात बांबूच्या बासऱ्या विकणारा माणूस स्वतःच वाजवत होता. इथं दोन बासऱ्या, ढोल आणि झांजा अशा वाजंत्री पथकांची परंपरा आहे. सर्वांत नावाजलेलं पथक १९२४ चं.

पैशांबद्दल : इथं सगळे पिक्सनं देतात, अगदी आपल्या यूपीआयसारखं, भुईमुगाच्या शेंगा विकणारी बाईसुद्धा. पाहुण्यांना ते सहजी सुरू करता येत नाही, म्हणून बाजारात जाताना सुटी रोकड ठेवा.

संध्याकाळी तालीम. सांजांवाच्या आदल्या रात्री घरासमोर वाजवायचं होतं आणि माझी पेटी त्यात असणार, हे परस्पर ठरलं होतं. सगळे उभ्यानं वाजवणारे, मी बसून. शेवटी प्लास्टिकचे दोन क्रेट, वर घडी केलेली चादर, त्यावर पेटी आणि माझ्यासाठी बुटकं स्टूल.

आजोबांनी एक धून काढली आणि माझे कान टवकारले. कोमल निषाद, तो तर खमाजातही आहे. पण मध्यम तीव्र. सा रे ग, तीव्र म, प ध, कोमल नि. हा तर सरळ वाचस्पती राग! मी आरोह-अवरोह वाजवून दाखवला. आजोबांनी भाता थांबवला, परत वाजवायला लावलं, मग स्वतः त्याच सुरांत एक वेगळी ओळ टाकली. इथल्या जुन्या धुनांत ही सुरावट फार येते. आम्ही अर्धा तास तरी त्यातच होतो. नातू कंटाळून भुईमूग फोडत बसला.

तालाचं प्रकरण मात्र अवघड गेलं. बाइयांव ऐकायला केरव्याच्या जवळचा. आठ मात्रा मोजल्या तर झाबुम्ब्याचा घुमारा पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो, खालून बारीक काठी उलट्या ठेक्यात टकटकते. चौथ्या मात्रेचा तो घुमारा पाचवीच्या जरा आधी पडतो आणि नाचणाऱ्याला तोच पुढे ढकलतो. मला ताल समजत होता. तरी दर ओळीला आजोबा मान हलवत होते.

शेवटी ताईला मध्ये घेतलं. आजोबा म्हणाले, “ही कोणाची तरी वाट बघत वाजवते.”

बरोबरच होतं. मी आयुष्यभर गाणाऱ्याची साथ केली आहे. गायक सूर टाकतो, आपण केसभर मागून तो उचलायचा, त्याच्या सावलीत राहायचं; पेटीवाल्याचं शहाणपण त्यातच मोजतात. बाबाही हेच शिकवायचे : राजा रंगमंचावर काय बोलणार ते ठरलेलं नसतं, तेव्हा त्याच्या पुढे धावू नकोस. इथं सान्फोनाच्या पुढे कोणीच नाही. गायक असला तरी तोही सान्फोनावर उभा असतो, आणि समोर असतात पन्नास जोड्या, ज्यांना पाऊल कुठं टाकायचं ते आधी कळायला हवं. “पाय तुझी वाट बघतात,” आजोबा म्हणाले, “तू त्यांची नाही.” मग त्यांनी स्वतःची सान्फोना खाली ठेवली आणि मला नातवाबरोबर एकटीला सोडलं. आधार काढून घेतल्यावर पुढे जाण्यावाचून इलाज नव्हता.

२३ जून, होळ्यांची रात्र

गोव्यात सांजांवाला डोक्यावर पानाफुलांचे कोपेल घालून विहिरीत उड्या मारतात, ते मी लहानपणापासून बघितलंय. संत तोच, तारीख तीच, पाऊस तोच. इथं मात्र आदल्या रात्री घराघरासमोर आग पेटते. एलिझाबेथला मुलगा (हाच संत जॉन) झाला की आग पेटवून मेरीला कळवायचं असं ठरलं होतं, त्याची ही खूण, असं ताईनं सांगितलं. लाकडांची रचनाही ठरलेली : संत आंतोनियोची चौकोनी, सांजांवाची गोल, संत पेद्रूची त्रिकोणी.

सकाळपासून शेजारच्या मावशींच्या अंगणात मका. किसायचा, वाटायचा, गाळायचा. कांजिका म्हणजे मक्याचं दूध, नारळाचं दूध आणि साखर आटवून केलेली घट्ट खीर, थंड झाली की वडीसारखी कापता येते, वर दालचिनी. आणि पामोन्या : गोड पीठ मक्याच्याच सालीत बांधून उकडायचं. मी बांधायला बसले. हळदीच्या पानात पातोळ्या करणाऱ्या हातांना ते शिकवावं लागलं नाही, आणि मावशींनी माझ्या गाठी तपासून दोन वेळा “हं” केलं. गोडाखेरीज काजू घातलेला कसाव्याचा काळसर केक होता, तो मी नंतर प्रवासासाठीही बांधून घेतला.

सात वाजता आग पेटली आणि सव्वासातला पाऊस आला. कोणी हललं नाही. पत्र्याखाली वाद्यं सरकली, आग फुसफुसली, दोन काका रॉकेलसारखं काहीतरी ओतून आले, पुन्हा भडकली. गल्लीभर धूर. दमा असेल तर ही रात्र तुमच्यासाठी नाही. नसेल तरी डोळ्यांना ओला रुमाल लागतोच. कपडे जुने घाला, ठिणग्या उडतात.

आजोबांनी सुरुवात शोतीनं केली, संथ आणि डुलणारा ताल. मग बाइयांव. मग अरास्ता-पे, म्हणजे धावता ताल, त्यावर चौकडीचा नाच : चौकटीच्या शर्टातले बुवा, मिशा रंगवलेली पोरं, खोटं लग्न, ओरडून दिलेल्या सूचना. तिसऱ्या बाइयांवला आजोबांनी सान्फोना काढून कट्ट्यावर ठेवली आणि लिंबाचं काहीतरी प्यायला निघून गेले. नातवानं माझ्याकडे बघितलं, ताईनं ट्रँगल घट्ट धरला.

मी वाचस्पतीतली ती धून घेतली. पहिल्या आवर्तनात जोड्या जरा थबकल्या, पेटीचा आवाज त्यांना बारीक वाटला असणार. मी भाता जोरानं मारला, खर्ज उघडला आणि मात्रेच्या किंचित आधी उतरू लागले, जसं काल दटावलं होतं तसं. समोर एक म्हातारं जोडपं होतं, कपाळाला कपाळ टेकून नाचणारं. त्यांची पावलं माझ्या बोटांबरोबर पडायला लागली. मी सूर लांबवला तर ती थांबायची, आखडला तर वळायची. गायकाबरोबर असं कधी होत नाही. तिथं आपण ऐकतो. इथं मला कोणी ऐकत नव्हतं, सगळे वापरत होते. हे वाईट वाटायला हवं होतं का? मला तर फार आवडलं. गाणं किती वेळ चाललं माहीत नाही, डाव्या हाताचा खांदा दोन दिवस दुखत होता.

मध्यरात्रीच्या सुमाराला ताईनं मला आगीपाशी ओढलं. इथं सांजांवाच्या आगीच्या साक्षीनं नातं जोडतात. निखाऱ्यांवरून हात हातात धरायचे, संताचं नाव घेऊन ठरावीक ओळी म्हणायच्या, आगीभोवती फिरायचं. झालं. यापुढे ती मला आणि मी तिला आयुष्यभर कोमाद्रे म्हणणार. ताई म्हणायची सोय संपली.

२४ जून, बंदुका आणि गर्दी

पहाटे कानाशी तोफ उडाल्यासारखं झालं. बाकामार्तेइरो : निळ्या कपड्यांतली, जुन्या रुंद तोंडाच्या बंदुका घेतलेली मंडळी, नुसती दारू भरून आकाशात बार काढतात. पॅराग्वेच्या युद्धातून, म्हणजे १८६४ ते १८७० च्या लढाईतून परतलेल्या शिपायांशी ही प्रथा जोडतात. जवळ उभं राहायचं तर कानात कापूस घाला आणि लहान मुलांना लांब ठेवा.

रात्री शहरातल्या मोठ्या मैदानावर गेलो. लाखांची गर्दी, प्रचंड स्क्रीन, आणि मंचावर दक्षिणेकडचा कोणी झगमगाटी गायक, ज्याच्याबरोबर सान्फोना औषधालाही नव्हती. सांजांवाच्या मंचावर फोहोच हवा की असे गायकही चालतील, या वादावर कारुआरूत घरोघरी दोन पक्ष आहेत. आजोबांचा पक्ष उघड होता. ते आलेच नाहीत. नातू आला, नाचला, आणि परतताना म्हणाला की आजोबांना सांगू नका. माझा सल्ला : मोठा मंच एकदा बघा, पण रात्र घालवायची ती बाजूच्या छोट्या तंबूंत, जिथं तिघंच वाजवत असतात आणि जमीन धुळीची असते.

२५ जूननंतर

मेस्त्रे विटालिनोचं घर चालत पाच मिनिटांवर. मातीची बाहुली करणारा हा माणूस १९०९ चा. त्यानं दुष्काळात स्थलांतर करणारं कुटुंब, वाजंत्री, चोर-शिपाई असं अख्खं गाव घडवलं आणि १९६३ साली देवीच्या आजारानं गेला. घर इतकं लहान की आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं बाहेर थांबावं. आजूबाजूच्या दुकानांतून मूर्ती घेणार असाल तर बांधून देताना घाई करू नका, वर्तमानपत्राचे तीन थर मागा.

ताईच्या शाळेत मी एकटीनं वाजवलं : एक अभंग, एक नाट्यपद, आणि दशावतारात राक्षस येतो तेव्हाची धडाकेबाज लकेर. पोरांना राक्षस आवडला. तो परत वाजवावा लागला, दोन पोरांनी बाकांवरून उडी मारून राक्षस करूनही दाखवला.

निघताना आजोबांनी कानशीसारखा एक छोटा तुकडा आणि मेणाची वडी दिली. आमच्या पितळी सुरांना मेण लागत नाही हे त्यांना माहीत होतं. तरी दिली.

आता नातू इकडे यायचं म्हणतोय. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की दशावतार बघायचा, मृदंगाच्या शेजारी झाबुम्बा ठेवून बघायचा, असा बेत आहे. बाबांच्या जुन्या कंपनीतले मृदंगवाले तयार झालेत, फक्त ढोलाचं वजन विचारून हबकलेत. परवा व्हिडिओ कॉलवर त्यानं विचारलं, नाटक किती वेळ चालतं. मी म्हटलं, रात्रभर, उजाडेपर्यंत. तो खूश. मग विचारलं, लोक नाचायला कधी सुरुवात करतात. मी म्हटलं, नाचत नाहीत, खाली बसून बघतात. पडद्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मागून आजोबांचा आवाज आला आणि कोमाद्रेनं हसत हसत भाषांतर केलं : “त्याला सांग, पेटीवालीला पुढे वाजवायला सांगा, उठतील.”